पसरलेली बोटं

टाकीतली शेवटची जोडी मेली होती.

ओल्या शेवाळावर दोन बेडूक, पालथे, शेजारी शेजारी. हातापायांची बोटं पंख्यासारखी पसरलेली. मादीचं पोट अंड्यांनी टम्म. या जातीला अजून नावही मिळालं नव्हतं, आणि ज्या झऱ्यात ती सापडली तो केव्हाच आटला होता.

फौजदारबाईंनी वाकून वास घेतला. शेवाळाचा. त्याखाली पुदिन्याचा.

टाकीच्या खोलीच्या किल्ल्या तिघांकडे. दोन संस्थांचं संशोधन एकत्र, त्यामुळे भांडणंही एकत्रच.

पंपवाला.

"पंप बंद पडला होता?"

"बंद पडला असता तर मी जिवंत दिसलो नसतो. बेडूकताई जीव खातात!"

बेडूकताई. पाहुण्या संस्थेची, जोडी सांभाळणारी. डोळे सुजलेले.

"संग्रहालयाचे सर म्हणतात, तुमच्या हलगर्जीपणानं मेले."

"म्हणणारच. म्हणजे प्रकल्पातून मी बाहेर, मैदान मोकळं. पिल्लं होईपर्यंत नमुन्यासाठी एकालाही मारायचं नाही, असा दोन्ही संस्थांचा करार होता."

"पुदिना कशाचा?"

"पुदिना?" ताई पांढरीफटक पडली. "तोंड आल्यावर लावायचं मलम. पोटावर चोळलं की बेडूक बधिर होतो. जास्त चोळलं तर..."

सर. यजमान संस्थेच्या संग्रहालयाचे प्रमुख. हातात स्पिरिटची बाटली घेऊनच आले.

"इतकी घाई?"

"सडतील ना! नव्या जातीला नाव द्यायचं तर नमुना लागतो. दुःख वेगळं, शास्त्र वेगळं, बाई."



बाईंनी प्रयोगशाळेतला एक साधा मेलेला बेडूक मागवला. ओल्या शेवाळाची थाळी पुढे केली. "एकेकानं हा यात ठेवा."

पंपवाल्यानं तो टाकला आणि हात पॅंटला पुसले.

ताईनं कुशीवर निजवला. वर ओलं शेवाळ पांघरलं.

सर बोलतच होते. बोलता बोलता त्यांनी शेवाळ झटकलं, बेडूक पालथा केला, एकेक बोट ओढून पसरवलं.

"बस्स," बाई म्हणाल्या.

सरांचा हात तसाच राहिला.

"आपोआप मेलेला बेडूक वेडावाकडा पडतो, सर. हे दोघं फोटोला बसल्यासारखे. मलम चोळून मारलंत. हलगर्जीपणानं मेल्याचं दाखवायला टाकीतच ठेवलंत, म्हणजे करारही शाबूत आणि नमुनाही तुमचा. पण तुमच्या हातांना मेलेला बेडूक चुरगळलेला सोसवेना. नमुना बरणीत भरण्याआधी आयुष्यभर बोटंच पसरवलीत ना? खिसे उलटे करा."

मलमाची ट्यूब निघाली. अर्धी पिळलेली.

"तसेही ते संपणारच होते," सर पुटपुटले. "निदान नाव तरी लागलं असतं."

"कुणाचं?"

सरांनी स्पिरिटची बाटली जवळ ओढली.

"तुमचंच ना?"

बाईंनी शिपायाला खूण केली. सरांना नेलं. मग त्या नळाखाली कितीतरी वेळ हात धूत राहिल्या, पुदिना जाईना.

मागे ताई टाकीवर वाकली होती. मादीची बोटं ती एकेक करून मिटवत होती. पुराव्याला हात लावायचा नसतो.

बाईंनी मान वळवली नाही.