भलत्या गल्लीतली रुग्णवाहिका

रुग्णवाहिका वेळेत पोचली, पण भलत्याच गल्लीत. शेजाऱ्याने स्वतःच्या गाडीत घालून नेलं, म्हणून आजारी आजोबा वाचले.

रुग्णवाहिका केंद्राच्या प्रमुखांनी आधी चालकाला घरी बसवलं आणि मग मावशींना बोलावलं. संगणकातल्या भानगडींचा छडा लावणं हा मावशींचा धंदा. सोबत यजमान होतेच; त्यांना सगळे काका म्हणत.

"पडद्यावरच्या नकाशाने दाखवलं तिथं गाडी नेली," चालक फाटकापाशीच म्हणाला. "माझं काय चुकलं?"

आत फोन घेणाऱ्या ताई होत्या. "नव्या वसाहतीतला पत्ता होता. ऐकला तसाच टाइप केला. पूर्वी असल्या पत्त्यांना पडदा लाल व्हायचा, मग मी परत फोन करून खुणा विचारायची. हल्ली लाल होतच नाही. सुख आहे बघा!"

शेवटी प्रोग्रामर. मावशींची सख्खी भाची. पत्त्यावरून नकाशावरची जागा सांगणारी जुनी वेबसेवा बंद होणार होती, म्हणून तिने दुसरी जोडली होती.

"मावशी, दोन्हींना विचारायचं सारखंच, उत्तरही त्याच साच्यात. जुनीला सापडलेला प्रत्येक पत्ता नवीवर तपासला. एकही चुकला नाही." मान ताठ होती.

"म्हणजे चालकच थापा मारतोय," काका कुजबुजले.

"तुम्ही चहा घ्या," मावशी म्हणाल्या.

त्यांनी सगळ्यांना पडद्यासमोर बोलावलं आणि टाइप केलं : उलट्या पिंपाची गल्ली.

"अशी गल्लीच नाही!" ताई हसल्या.

नकाशावर ऐटीत हिरवा ठिपका उमटला.

"कुणीच खोटं बोललेलं नाही," मावशी म्हणाल्या. "जुनी सेवा माहीत नसलं की सरळ 'नाही' म्हणायची, म्हणून पडदा लाल व्हायचा. नवी जवळपासचं काहीतरी ठोकून देते. भाचीने तपासले ते सापडलेलेच पत्ते. पण एकीच्या जागी दुसरी बसवायची, तर पहिली जिथं हात टेकायची, तिथं दुसरीनेही टेकायला हवेत."

प्रमुख खाकरले. "हे इथंच राहू दे. चालकाचं प्रकरण गुपचूप मिटवू."

भाची उभी राहिली. "नाही, साहेब. चूक माझी. नवी सेवा उत्तराबरोबर खात्री किती तेही सांगते. मी तिकडे पाहिलंच नाही. आजपासून खात्री नसलेला पत्ता लाल दिसेल. चालकदादांची माफी मी मागते. तुम्हीही मागा."

प्रमुखांनी मुकाट्याने चालकाला आत बोलावलं.

बाहेर पडताना काका म्हणाले, "सख्ख्या भाचीला चारचौघांत उघडं पाडलंस?"

"पाडलं. आणि ती उभी कशी राहिली, पाहिलंत ना?" मावशींनी फोन बाहेर काढला. "थांबा, आधी माझ्या बहिणीला फोन करते. लेक कशी घडवलीय, ते तिला कळायला हवं!"