शटरच्या वरची खोली

आधी निकाल

सकाळी पोलिसांना फोन आला तो निकालासकटच. आई गेली. गिझरच्या गॅसने गेली. गिझर भावजींनी बसवला होता.

फोन करणारा धाकटा मुलगा. गल्ली त्याला भुंगा म्हणायची, त्याच्या गाडीच्या आवाजावरून. भावजी म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा, धंद्याने गॅस फिटर. इन्स्पेक्टरबाई पोचल्या तेव्हा फिटर पायरीवर बसला होता आणि हवालदार त्याच्या डोक्याशी उभा. त्याला बेड्या पडणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. फिटरनेसुद्धा.

वर

आईची खोली गॅरेजच्या बरोब्बर वर, जिना आतूनच. ती दाराशी पडली होती, एक हात उंबऱ्याबाहेर. गाल लालसर. विषारी वायूचीच खूण, डॉक्टर म्हणाले. प्राण जाऊन फार वेळ झाला नव्हता.

बाथरूमची फरशी कोरडी. साबण कडक, भेगाळलेला. टॉवेल घडीचा. बाईंनी खिडक्या उघडून गिझर पेटवला. ज्योत निळी, वरच्या नळीतून हवा नीट बाहेर जात होती.

जिन्यावर मात्र वास होता. पेट्रोलच्या धुराचा, डोळे चुरचुरवणारा. बाईंनी नाकाला रुमाल लावला.

भुंग्याची उत्तरं, प्रश्न गाळून

"हो, गाडी चालू होती. ट्यूनिंग करत होतो. टर्बो बसवला की इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते लॅपटॉपवरून नव्याने लावावं लागतं."

"शटर खाली. शेजाऱ्यांची कटकट असते."

"मी? अंगणात. लॅपटॉपची वायर शटरखालून बाहेर घेतली होती."

"धुराचा काय संबंध? कन्व्हर्टर आहे गाडीला. विषारी वायू त्यातच मरतो. वाकून बघा की."

"होताच. सकाळी गाडी चालू होती तेव्हाही कन्व्हर्टर लावलेलाच होता. धुराच्या तपासणीत पास झालेली गाडी आहे, मॅडम."

"हाताला भाजलंय ते होय? चहा सांडला."

"आई दिसली, तसा फोन केला. लगेच."

खाली

बाई पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरल्या. धुराच्या पाइपाच्या मध्यावर एक फुगीर डबा. हाच कन्व्हर्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, धूर तिच्यातून गाळला जातो. पाइप गंजलेला, चिखलाने माखलेला. डब्याचे चार बोल्ट मात्र स्वच्छ. त्यांवर तांबूस ग्रीस. बाईंनी बोट लावलं. ग्रीस बोटाला लागलं, लोण्यासारखं.

त्यांनी ते रुमालाला पुसलं, आणि रुमाल पुन्हा खिशात घालावासा वाटला नाही.

उलगडा

सगळ्यांना गॅरेजमध्ये उभं केलं. फिटरलाही, भुंग्याच्या बहिणीलाही.

बाई म्हणाल्या की आज या घरात कोणी आंघोळच केली नव्हती, तेव्हा गिझरला नाहक फाशी देऊ नका. वायू खालून गेला, जिन्याने.

भुंगा हसला. "कन्व्हर्टर असताना?"

"नसताना. तुम्हा लोकांना तो नको असतो. टर्बोचा श्वास कोंडतो म्हणे. तपासणीपुरता बसवायचा, पास झालं की काढून फळीवर. सकाळी तो फळीवरच होता. पाइप इतका तापतो की एकदा इंजिन चाललं तरी बोल्टवरचं ग्रीस जळून भुकटी होते. हे ओलं आहे. म्हणजे डबा बसवल्यावर इंजिन चालूच झालेलं नाही."

भुंग्याने भाजलेला हात पाठीमागे घेतला.

"आई पडलेली दिसली. तू इंजिन बंद केलंस. मग फोन नाही केलास. गाडीखाली गेलास. पाइप निवेपर्यंतही थांबला नाहीस, म्हणून कोपरापर्यंत चटका बसला. चहा सांडला तर हातावर ओघळ उठतात. तुझ्या हातावर पाइपाची गोलाई उठलीय. ती वर जिवंत होती की नव्हती, बघितलंस तरी?"

"मला वाटलं, गेलीच असेल."

"वाटलं. आणि धूर विषारी आहे हेही माहीत होतं. नाहीतर शटर पाडून स्वतः अंगणात कशाला बसला असतास?"

फिटरने तोंड फिरवलं. बहिणीने नाही फिरवलं. ती भावाकडे बघत होती, एखाद्या पदार्थात अळी निघाल्यावर बघावं तशी.

"आईने हाक नाही मारली?" तिने विचारलं.

त्याने वर छताकडे बघितलं.

"ठोकत होती, ताई. वरून, जमिनीवर. मला वाटलं, नेहमीसारखी आवाजाला वैतागलीय."

"मग?"

"मग मी लॅपटॉपवरून रेस वाढवली. ठोकणं ऐकू येऊ नये म्हणून."

हवालदार पुढे निघाला. ताई बाजूला सरकली, त्याला वाट मिळावी म्हणून.