डाव्या कॉलरची सुई

भर दुपारी ऑरिन टेकडी चढून वर गेला तो मलेरियाच्या पिवळ्या गोळ्या वाटायला. न्यू गिनीच्या त्या जंगलात दुपारीही दिवेलागणीसारखा उजेड, आणि कुजलेल्या पानांचा वास नाकात मुरलेला. कॉलेज अर्धवट सोडून दुसऱ्या महायुद्धात लढाईवर आलेला हा अमेरिकन पोरगा लष्करी तुकडीचा, म्हणजे कंपनीचा, मलमपट्टीवाला होता; सगळे त्याला 'डॉक' म्हणत.

वेदना मारणाऱ्या मॉर्फिनचा नियम साधा. जखमीला टोचलं की रिकामी नळी तिच्याच सुईने त्याच्या कॉलरला अडकवायची, म्हणजे पुढचा माणूस पुन्हा टोचणार नाही. दोनदा टोचलं तर श्वास थांबतो. ऑरिन उजव्या कॉलरला अडकवी. डाव्या कॉलरला, सुई गळासारखी वाकवून अडकवणारा एकच होता, कंपनीचा दुसरा मलमपट्टीवाला, म्हातारा सार्जंट प्रुइट. कॉलरला नळी दिसत असताना त्याने दारूच्या नशेत एका पोराला दुसऱ्यांदा टोचलं. पोरगा गेला. दोन दिवसांनी गोळी लागून प्रुइटही गेला, आणि कॅप्टन हॅस्केलने अहवालात लिहिलं, ऑरिन नळी लावायला विसरला. मेलेल्याची अब्रू राखायची म्हणे! जिवंत पोराची अब्रू या म्हाताऱ्यांच्या लेखी कवडीमोल.

प्रुइटला ओढ्याकाठी पुरल्यानंतर आठवडाभरात तीन जखमी असे सापडले, की ऑरिन पोचायच्या आधीच डाव्या कॉलरला वाकडी नळी. हॅस्केलचं म्हणणं, हा पोरगा मॉर्फिन स्वतः टोचून घेतो आणि रिकाम्या नळ्या जखमींच्या गळ्यात मारतो. उद्या चौकशी, दोष ठरला तर तुरुंग. ऑरिनला संशय हॅस्केलचाच होता. खरा चोर सापडल्याशिवाय त्याची सुटका नव्हती.

खंदकात स्टानेक डब्यातलं गार मांस खात बसला होता.

"आलास, डॉक? तुझ्या गोळ्यांनी लिंबासारखा पिवळा झालोय. आई ओळखायची नाही."

"तुझी आई नवसच फेडेल. गीळ मुकाट्यानं."

हसता हसता ऑरिन थांबला. स्टानेकच्या डाव्या कॉलरला नळी होती.

"हे कुणी लावलं?"

"काय?... मला काय ठाऊक! अंगावर ओरखडासुद्धा नाही माझ्या."

ऑरिनने नळी उपटून खिशात टाकली. ऊन लागत होती, नुकतीच कुणाच्या मुठीतून सुटल्यासारखी. त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्या तिघांनाही नळी... गोळी लागायच्या आधीच?

"खिसे उलटे कर." मागे हॅस्केल उभा होता.

नळी बाहेर आली.

"सापडलास! बापाच्या वयाच्या माणसावर खापर फोडतोस, आणि स्वतःचे हे धंदे?" हॅस्केलने नळी स्वतःच्याच डाव्या कॉलरला टोचली. "पुरावा आहे. हरवायला नको."

"सर... तिथे नका लावू."

"का?"

काय सांगणार? आणि खरं तर, सांगावंसं वाटलंच नाही.

"...काही नाही, सर."

हॅस्केल पायवाटेने उतरला. वळणावर एकच गोळी वाजली.

ऑरिन धावत पोचला तेव्हा कॅप्टनचं पोट फाटलं होतं, पण तो ओरडत नव्हता. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. म्हणजे मॉर्फिन भिनलेलं. ऑरिनची पिशवी तर अजून बंदच होती.

"कुणी टोचलं, सर?"

"म्हातारा... म्हणाला, आता सगळ्यांचं तोच बघेल..."

मग श्वास थांबला. कॉलरला नळी नव्हती. सुई आरपार गेल्याची दोन बारीक भोकं तेवढी, कडांना गंजाचे डाग.

तासाभरात हुकूम आला, उद्या सबंध कंपनीने समोरच्या कड्यावर चाल करायची. ऑरिन ओढ्यावर पाणी भरायला गेला. काठावरच्या दोरीवर धुतलेले शर्ट वाळत होते. त्याने सहज एकाची कॉलर चाचपली. मग दुसऱ्याची. मग दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो धावत सुटला. प्रत्येक डाव्या कॉलरला दोन भोकं...

एकच शर्ट धड होता. त्याच्यावर ऑरिनचं नाव होतं.

उद्या एवढ्या प्रेतांत एकटा जिवंत सापडला, तर त्याचं कोण ऐकणार?

आणि खिशात काहीतरी ऊन ऊन लागत होतं.