मॅग्नोलियावरचा कलश

"कलश गेला," डॉ. गिरीश करमरकर म्हणाले. "म्हणजे आमची कांचन पुन्हा एकदा गेली."

न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमधलं भाड्याचं घर. पत्नीच्या अस्थी उद्या मिसिसिपी नदीत सोडायच्या आणि लगेच विमानानं प्लेनोला घरी परतायचं, असा या निवृत्त सर्जनचा बेत होता.

आयसेलिनची खाजगी डिटेक्टिव्ह उर्वी प्रधान दुसऱ्या कामासाठी गावात आली होती; डॉक्टरांनी तिलाच बोलावलं. कलश टांगला होता ती अंगणातल्या मॅग्नोलियाच्या झाडाची फांदी ती न्याहाळू लागली. तिचे मदतनीस देवकाका, निवृत्त इंजिनिअर, यांनी आधी खुर्ची शोधली.

"गाठ सोडलीय, दोरी कापलेली नाही," उर्वी म्हणाली.

"पण झाडाला कशाला टांगायचा?" देवकाका.

"मग काय सोफ्यावर ठेवायचा?" कांचनची बहीण सुचित्रामावशी फणकारली. "अस्थी घरात नेत नाहीत, देवळात नेत नाहीत, जमिनीवर टेकवत नाहीत. कालच सगळ्यांना बजावलंय."

"डॉक्टर म्हणाले, तुम्हाला त्या नाशिकला न्यायच्या होत्या ना?" उर्वीनं विचारलं.

"होत्याच. पण म्हणून बहिणीला चोरेन?"

देवकाकांच्या मते हो, चोरतील.

"बाबा, लेट्स वॉक," मुलगा निमिष म्हणाला. "कुणी पाहिलं असेल." त्यानं बॅग पाठीला लावली.

मग सुरू झाली पायपीट. फ्रेंचांनी वसवलेलं, स्पॅनिशांनी बांधलेलं आणि देवकाकांच्या टाचांनी सोसलेलं ते गाव. निमिष चौकशी कमी करी, दाखवी जास्त. "आईला ही बाल्कनी बघायची होती. तिच्याकडे मॅप होता. ट्रिप तीनदा कॅन्सल झाली."

"इमर्जन्सी होत्या," डॉक्टर पुटपुटले.

कॅफेत मावशींनी पर्स जमिनीवर आदळली. डॉक्टरांनी आपली बॅग टेबलाखाली सरकवली. शेजारी रिकामी खुर्ची असूनही निमिषनं आपली खिडकीच्या गजाला अडकवली. कॅथीड्रल बघायचा हट्ट त्याचाच, पण दाराशी येऊन म्हणाला, "तुम्ही जा, मी बाहेरच थांबतो."

दिवे लागले तसा तो पुन्हा पहिल्याच गल्लीत वळला.

"अरे, पाहिली की ही," देवकाका कळवळले.

"रात्री वेगळी दिसते, काका."

चौकातल्या बाकावर उर्वीनं सगळ्यांना बसवलं. निमिष उभाच राहिला.

"भुरटा चोर गाठ सोडत बसत नाही, दोरी कापतो. म्हणजे घरातलंच कुणीतरी. देवकाकांचा संशय मावशींवर."

"काय हो?" मावशी. देवकाका बुटाची नाडी बांधू लागले.

"पण त्यांची पर्स जमिनीवर होती, चर्चमध्येही गेली. डॉक्टरांची बॅगही तशीच. एकच बॅग दिवसभर कुठेच टेकली नाही आणि देवाच्या दारातून परत फिरली. कालची ताकीद कुणीतरी नीट ऐकली होती. निमिष, आईला फिरवतोयस ना?"

निमिषचा हात बॅगेच्या पट्ट्यावर गेला.

"उद्या दहा मिनिटांत सगळं संपणार होतं," निमिष म्हणाला. "शी वेटेड थर्टी इयर्स, बाबा. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालो असतो," डॉक्टर म्हणाले. ते थकून उठले, निमिषकडून बॅग मागून घेतली आणि छातीशी धरली. "काय राहिलंय बघायचं?"

"नदीकडची गल्ली. तिथं बँड वाजतो."

"चल. पण हळू चाल. तुझ्या आईला ढकलाढकली आवडत नाही."