मागे पाहणारं बाक

हे घडलेलं आहे. ज्याला खोटं वाटेल त्याने इथेच थांबावं. मला कुणाची समजूत काढायची हौस नाही.

घडलं माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत. मामा लिफ्ट दुरुस्त करतो. खाली काळाकुट्ट खड्डा, वर दोरखंड, आणि मध्ये हा शीळ घालत काम करणार. असल्या माणसाला भुताखेतांचं काय हो?

आणि भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात ना? इथे रात्र नाही. रविवारची सकाळ होती. जुन्या डेपोची शेड. पत्र्याच्या भोकांतून लख्ख ऊन आत पडलेलं.

त्या उन्हात ते झालं.

मामाला ट्रामचं वेड. शहराने ट्राम भंगारात काढल्या, रुळांवर डांबर ओतलं आणि वर स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली. कुणाला काही वाटलं नाही. वाटलं ते या दोन-चार वेड्यांना. त्यात एक सुतार आणि एक निवृत्त मास्तर. मास्तरांना ट्रामची घंटा वाजवायची इतकी हौस, की त्यांचं नावच घंटी मास्तर पडलं. डेपोच्या आवारात थोडे रूळ शिल्लक होते. त्यावर एक तरी ट्राम चालवायची, एवढ्यासाठी या लोकांनी आपले सगळे रविवार जाळले.

मामी म्हणायची, "लोकांच्या सवती हाडामांसाच्या असतात, माझी लोखंडाची. म्हटलं, निदान म्हातारी होऊन मरेल. तर हे तिला रंग फासून तरुण करतायत."

मामा हसायचा. पण ते हसू हळूहळू सुकत चाललं होतं. घरात बोलणंच उरलं नव्हतं. जेवायला या, जेवलो, संपलं. शेवटी मामाने शब्द दिला.

"एकदा येऊन बस. एकच फेरी. उतरल्यावर सोडा म्हणालीस, तर पान्याला हात लावणार नाही."

"बघा हं. माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणेनच."

म्हणजे बायको किंवा ट्राम. मामाला दोन्ही हवं होतं.

आता त्या ट्रामविषयी.

ती त्यांना एका घराच्या परसात सापडली होती. चाकं मातीत रुतलेली. कुणीतरी तिची खोली केली होती. छताला काजळी. खिडकीला पडद्याची दोरी. मागच्या दाराशी एक लोखंडी शेगडी. तिचा एक पाय मोडलेला, त्याखाली वीट.

घरमालक म्हणाला, "न्या एकदाची."

आत कोण राहायचं? कुठे गेलं? एकानेही विचारलं नाही. याचा मला राग आहे आणि मी तो लपवणार नाही. लाकूड कुठल्या झाडाचं, हे या लोकांना वासावरून कळतं. त्यावर बसलेलं माणूस मात्र दिसत नाही. पॉलिश पेपर घेतला, काजळी घासून काढली. दोरी तोडली. शेगडी भंगारात. मामाचा एकच जप, सगळं ओरिजिनल पाहिजे, कारखान्यातून निघाली तशी.

बाकं सगळी गेलेली. उरलं होतं एक. मधलं, खिडकीजवळचं. सुताराने त्यावरून बाकीची नवीन केली.

ट्राम शेवटच्या थांब्यावर वळत नाही. ड्रायव्हर उठून दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथून चालवतो. मग कंडक्टर प्रत्येक बाकाची पाठ ढकलून पलीकडे टाकतो. खट, खट, खट. बसणाऱ्याचं तोंड पुन्हा पुढच्या बाजूला.

ते जुनं बाक ऐकेना.

संध्याकाळी सरळ करून जावं... आणि शेड उघडली की ते उलटं. तोंड मागच्या दाराकडे. बाकीची सगळी जशीच्या तशी.

"बिजागरी ढिली असेल," सुतार म्हणाला.

मामाने तपासली. घट्ट होती. पाठ फिरवायला त्यालाच जोर लावावा लागत होता.

"मग माझ्यासारखी असेल," घंटी मास्तर म्हणाले. "मलाही पुढचं बघवत नाही हल्ली."

सगळे हसले.

मामीला याच बाकावर बसवायचं मामाच्या मनात होतं. ओरिजिनल तेवढंच ना. आणि ऐन वेळी त्याने दगा दिला तर? शनिवारी कामावरून सुटल्यावर तो एकटाच शेडमध्ये गेला. बाक सरळ केलं आणि दोन्ही बाजूंना बोल्ट आवळून टाकले.

"आता फिर," म्हणाला.

पाना पिशवीत ठेवला. आणि...

खट.

त्याच्या मागे.

वळून पाहिलं. सगळं जागच्या जागी. वारा नाही. पत्रासुद्धा हलत नव्हता.

पण काहीतरी कमी होतं. काय, ते लवकर लक्षात येईना.

मग आलं... कबुतरं. एरवी घुमून घुमून कान किटवणारी. एकही आवाज नाही. वर पाहिलं तर सगळी तुळईवर बसलेली. गप्प.

मामा तिथून निघाला. पळालो नाही, असं तो सांगतो. मी काही बोलत नाही.

रविवारी सकाळी मामी आली. नवी साडी नेसून आली, एवढं मामाने पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. तिला बाहेर मास्तरांशी बोलत ठेवून तो आधी आत चढला.

बोल्ट लावलेलं बाक सरळच होतं.

बाकीची फिरली होती. पुढची सगळी मागे वळलेली. मागची पुढेच पाहत होती. म्हणजे पूर्ण डबा... त्या एका बाकाकडे तोंड करून बसला होता.

मामाने भराभर सगळी सरळ केली. सुतारानेच थट्टा केली असणार, असं स्वतःला सांगितलं. सुतार तेव्हा बाहेर रुळांवरचा कचरा काढत होता.

मामी बसली. घंटी मास्तर मागच्या पायरीशी उभे राहिले. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मास्तरांनी दोन वाजवल्या. मामाने हँडल फिरवलं.

ट्राम चालली. इतक्या वर्षांनी चालली हो! मामाचे डोळे भरून आले. मागून मामीचं बोलणं ऐकू येत होतं.

"मास्तर, हलतेय की खरंच. मला वाटलं, ढकलायला बोलावलंय."

मास्तर हसले.

मग मामी काहीतरी हळू बोलली. मास्तरांशी नव्हे. जवळ बसलेल्या माणसाशी बोलावं तसं.



खट.

एक घंटा वाजली.

मामाने ब्रेक लावला. वळला. मास्तर पांढरेफटक. दोन्ही हातांनी दांडा धरलेला. घंटेची दोरी आपोआप झुलत होती.

मामी त्याच बाकावर होती. मामाकडे पाठ करून. तोंड मागच्या दाराकडे. बाकाच्या कडेला सरकलेली, खिडकीची जागा सोडून.

मामा जवळ गेला. मामीच्या मांडीवर दोन्ही बोल्ट ठेवलेले. पाना मामाच्या पिशवीत होता आणि पिशवी इतका वेळ हँडलजवळ त्याच्या पायाशी होती.

"हे काय ठोकून ठेवलंत?" ती शांतपणे म्हणाली. "दार दिसत नव्हतं."

"कुणाला?"

तिने बोटं पदराला पुसली.

तिची बोटं काळी झाली होती. काजळीने. डब्यात काजळीचा कणही उरला नव्हता.

उतरल्यावर मामाने स्वतःहून म्हटलं, "सोडतो मी हे सगळं."

"नका सोडू," मामी म्हणाली.

आता दर रविवारी तीच आधी तयार असते. हल्ली अधल्यामधल्या दिवशीही जाते. मामा नको म्हणतो. ती चप्पल घालून दारात उभी. डॉक्टर झाले. तब्येत ठणठणीत.

मध्यंतरी मी स्वतः गेलो. म्हटलं, मामीला समजावू. भर दुपारी ती तिथे बसलेली, तशीच, कडेला. मला पाहून नेहमीसारखी हसली.

"आलास का रे? वाळलास किती. बस."

मी तिच्या शेजारी बसायला वाकलो.

"इथे नको. समोर बस."

समोरच्या बाकाची पाठ माझ्याकडे होती. मी हात लावण्याआधी... खट.

मी बसलो नाही. मान्य करायला लाज कसली? उभाच राहिलो.

मामी खिडकीकडे मान करून जरा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "मामांना विचार रे, इथली शेगडी कुठे टाकली. मोडक्या पायाची. गारठायला होतं."

शेगडीचं तिला कुणी कधीच सांगितलं नव्हतं. मामाने तर नाहीच. मी त्याला शपथेवर विचारलंय.

मामाने आता लिफ्टची कामं कमी केली आहेत. शहरातली भंगाराची दुकानं एकेक करून पालथी घालतो. दुकानदार नव्या शेगड्या दाखवतात. तो मान हलवतो.

त्याला ओरिजिनलच हवी आहे.