मिशीच्या टोकाखालचा रंग

नेदर विकल गावात पुढच्या आठवड्यात कोणती फुलपाखरं उडणार, हे दर गुरुवारी पावणेअकरा वाजता कियांश सोनटक्के ठरवत. त्यांना तसं ठरवायचं नसे, ते आपले फक्त मोजत. पण दोन हजार अठ्ठ्याहत्तर साली इंग्लंडात मोजणं आणि ठरवणं यांत फारसा फरक उरला नव्हता.

सोनटक्के मूळचे राहुरीचे. वय छप्पन्न, अंगानं भरलेले. त्यांच्या पिढीत निम्म्या काकालोकांचं नाव कियांश होतं, उरलेल्यांचं रेयांश. तीस वर्षं दातांचा दवाखाना चालवून ते निवृत्त झाले आणि गावानं त्यांना कुरणातली वाट मोजायला दिली. इंग्लंडात परक्या माणसाला नागरिकत्व लवकर मिळतं, वाट मिळायला वेळ लागतो.

या वाटेचं महत्त्व समजायला आधी कोषघर समजून घ्यायला हवं. चाळीस वर्षांपूर्वी उन्हाळे बिघडले आणि फुलपाखरांना स्वतःच्या बळावर टिकणं जमेना. कुरणातल्या दहांपैकी पुढच्या वर्षी जेमतेम तीन उरत. म्हणून प्रत्येक गावाबाहेर काचेची एक लांबट शेड उभी राहिली. आत कपाटं, कपाटांत अळ्या, अळ्यांपुढे गवत, आणि माणूस एकही नाही. कोणत्या जातीची किती फुलपाखरं असायला हवीत याचा आकडा कोषघराकडे असे. किती आहेत तो आकडा मोजणीदार पाठवी. जितकी तूट, तितकी फुलपाखरं कोषघर सोडी. याला म्हणत तूटभरणी.

गच्चीवरची गळकी टाकी डोळ्यांपुढे आणा. पाणी उतरलं की आतला बॉल खाली येतो, नळ सुरू होतो. पाणी चढलं की बॉल वर, नळ बंद. कुरण म्हणजे टाकी, कोषघर म्हणजे नळ, आणि बॉल म्हणजे सोनटक्के. दिसायलाही ते थोडे तसेच होते, पण तो योगायोग.

हे काम यंत्राला का दिलं नाही? दिलं होतं. यंत्र जुन्या मोजणीदारांच्या नोंदी वाचून शिकलं आणि त्यांच्या सगळ्या चुका त्यानं कमालीच्या आत्मविश्वासानं केल्या. मग कायदाच झाला, की नोंद माणसाच्या डोळ्यानंच व्हायला हवी.

मोजायची रीत सोपी होती. ऊन हवं, वारा नको. वाटेवरून रमतगमत चालायचं. डावीउजवीकडे अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर असा एक अदृश्य खोका मनात धरायचा. खोक्यात जे येईल ते लिहायचं, बाहेर उडणारं कितीही देखणं असलं तरी त्याच्याकडे अनोळखी माणसासारखं बघायचं. हे सगळं सोनटक्क्यांना सुरेख जमलं. अडचण एकाच जागी होती.

उंच गवतात नखाएवढं केशरी फुलपाखरू असतं, स्किपर. त्याच्या दोन जाती. एक स्मॉल स्किपर, सोनटक्क्यांच्या भाषेत धाकटा. दुसरा एसेक्स स्किपर, म्हणजे एसेक्सकर. दोघांचे पंख सारखे, उडणं सारखं, बसणं सारखं. फरक फक्त मिशीच्या टोकाखाली. धाकट्याचं टोक खालून केशरी, एसेक्सकराचं काळं, शाईत बुडवून काढल्यासारखं. आणि टोक खालून बघायचं तर त्याच्यासमोर गवतात पोटावर आडवं पडावं लागतं, नाकाला नाक लावून.

वाट सार्वजनिक होती. दर चार मिनिटांनी कुणीतरी येई आणि हवामानाबद्दल दोन शब्द बोलून जाई. पहिल्याच गुरुवारी सोनटक्के गुडघ्यांवर बसले, हात टेकणार, इतक्यात कुत्रं घेऊन एक जोडपं आलं. सोनटक्के बुटाची नाडी बांधू लागले. पायांत चपला होत्या. जोडप्यानं त्या पाहिल्या आणि सभ्यपणे ढगांकडे बघितलं.

त्या दिवशी त्यांनी सगळे स्किपर ‘धाकटा’ म्हणून लिहिले, कारण फॉर्मवर धाकटा पहिल्या ओळीत होता. पुढच्या गुरुवारी वेगळं लिहिलं असतं तर मागच्या गुरुवारचं खोटं पडलं असतं. अशी चार वर्षं गेली. तीस वर्षं लोकांच्या जबड्यात वाकवाकून बघितलेला माणूस एका मिशीखाली बघायला लाजला.

आणि धाकटे वाढतच गेले! जिल्ह्याच्या पत्रकात फोटो आला. याच वाटेवर आधी एकतीस वर्षं मोजणी केलेल्या ख्लोईबाई बॅगशॉ, वय एक्याऐंशी, यांनी छातीवर स्किपर विणलेला स्वेटर दिला. रीडिंग शहरातल्या मराठी मंडळात सोनटक्क्यांनी ‘गवतातले माझे धाकटे’ या विषयावर चाळीस मिनिटं भाषण केलं. शेवटी श्रोते उभे राहिले. काही जण जेवायला उठले होते, पण बरेचसे खरोखर उभे राहिले.

जुलैत डॉ. ओवी जगदाळे आली. राष्ट्रीय कीटकसंस्थेची शास्त्रज्ञ, वय तिशीचं, मूळ कराडची. कुरणाच्या फाटकाशी तिनं आधी बूट काढले आणि स्टोव्हवर उकळत ठेवले.

“चहाला वेगळं भांडं आहे ना?” सोनटक्क्यांनी विचारलं.

“जंतू मारतेय, काका. धाकट्यांना कसलातरी रोग लागलाय. मागणीच नव्हती म्हणून कोषघरांनी धाकट्यांची कपाटं कधीच बंद केलीत. आता नवं बियाणं हवंय, म्हणून मी गावं फिरतेय. नोंदीत धाकटे भरपूर. मी पोचते, तर एक नाही. मोजणीदार म्हणतात, गेल्याच आठवड्यात होते. असं सदतीस गावांत झालं.” ती ओल्या बुटांत पाय घालत म्हणाली, “मला वाटतं तो रोग माझ्या बुटांवरूनच जातो. शोधनिबंध लिहितेय मी त्याच्यावर, तीन वर्षं झाली. तुमचा आकडा देशात सगळ्यात मोठा. इथं चाळीस जरी मिळाले ना, तर जात वाचली म्हणायची.”

“मिळतील की,” सोनटक्के म्हणाले. चार वर्षांत त्यांची जीभ त्यांना न विचारताच बोलायला शिकली होती.

ओवी थेट पोटावर झोपली. येणारेजाणारे थांबले तर ती पडल्या पडल्याच हात हलवी.

“एसेक्सकर,” ती म्हणाली. चार फुटांवर सरपटली. “हाही एसेक्सकर. तुमचा शब्द झकास आहे हां, काका. एसेक्सकर. परत एसेक्सकर.”

दोन वाजले. तिची कोपरं सोलली होती, केसांत एक भुंगेरा आरामात बसला होता.

“गेल्या गुरुवारी तुम्ही बेचाळीस लिहिलेत ना?”

“हो.”

“मग गेले कुठं?”

“वारा आहे जरा.”

वारा नव्हता. गवताचं पातं हलत नव्हतं.

“हां, वाऱ्यानं होतं तसं,” ओवी म्हणाली आणि पुढे सरपटली. तिनं विश्वास ठेवला, हे सगळ्यात वाईट झालं. ओरडली असती तर सोनटक्क्यांना निदान चिडता आलं असतं.

एकशे सदतिसाव्या स्किपरपाशी ती थांबली. “काका, तुम्हीच या इकडे. तुमची नजर बसलेली आहे. झोपा शेजारी.”

“कंबर धरलीय आज.”

“मग मी पातं हळूच वर उचलते, तुम्ही उभ्यानंच बघा.”

“नको!” सोनटक्के जवळजवळ ओरडले. मग हळू आवाजात म्हणाले, “डॉक्टर, मी कधी झोपलोच नाही.”

“म्हणजे?”

“इथं. पोटावर. चार वर्षांत एकदाही नाही. लोक बघतात हो. फॉर्मवर धाकटा पहिला होता.”

ओवी आधी हसली. मग तिनं त्यांचं तोंड पाहिलं. ती उताणी झाली.

“तुम्ही धाकटे पुरेसे आहेत असं लिहिलंत,” ती सावकाश म्हणाली, “कोषघरानं त्यांचा नळ बंद केला. एसेक्सकर शून्य लिहिलेत, म्हणून एसेक्सकर सोडले. ते तुम्हाला दिसले. ते तुम्ही धाकटे म्हणून लिहिलेत.”

“म्हणजे जसजसे एसेक्सकर वाढले…”

“तसतसे कागदावर धाकटे वाढले. कागदावर त्यांची नुसती भरभराट आहे, काका.”

“मी मारले?”

“मारायला जाळं लागतं. तुम्हाला पेन्सिल पुरली.”

सोनटक्के खाली बसले. चपलांकडे बघत म्हणाले, “आणि ती सदतीस गावं? त्यांतलं कुणीच झोपलं नसेल?”

“एक बाई म्हणाल्या, मी नेहमी झोपते. त्यांच्या कुरणात बैल होता.” ओवीनं बूट काढून बाजूला ठेवले. “तीन वर्षं मी बूट उकळतेय. मला वाटलं विषाणू असेल. लाज असेल असं मनातच आलं नाही. लाज कुठल्या सूक्ष्मदर्शकात दिसते?”

निघताना तिनं आपला नंबर दिला. “एक मादी जरी दिसली तरी फोन करा. तिच्या पोटात शंभरेक अंडी असतात. तेवढ्यावर सगळं पुन्हा उभं करता येईल. तिच्याभोवती माणसं उभी करू नका फक्त, ती दचकते.”

त्या संध्याकाळी सोनटक्के ख्लोईबाईंकडे स्वेटर परत करायला गेले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

“ठेवा हो तो,” बाई म्हणाल्या. “मी तरी कुठे झोपले? मी एक वर्ष धाकटा लिहायची, एक वर्ष एसेक्स. म्हणजे दोघांवर अन्याय नको.”

ओवीनं अहवाल पाठवला. पंधरा दिवसांत समितीचं पत्र आलं. सामान्य मोजणीदाराला या दोन जातींत फरक करणं सोयीचं नसल्यामुळे फॉर्मवर यापुढे ‘केशरी स्किपर, कोणताही’ अशी एकच ओळ राहील. त्याबरोबर देशभरातला प्रत्येक आकडा बरोबर ठरला. तूट शून्य. धाकटा नामशेष झाला असं कुठेच लिहावं लागलं नाही, कारण ते लिहायला ओळच नव्हती. आठवड्याभरात इतर मोजणीदारांचे अर्ज आले. पांढऱ्या तिघांचं एक करा, निळ्यांचं बघा काहीतरी. समितीनं प्रामाणिकपणाबद्दल सोनटक्क्यांचे आभार मानले होते. पत्र त्यांनी बायकोला दाखवलं नाही. कपाटात कपड्यांखाली सरकवलं.

ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी सोनटक्के कुरणात गेले, डावीउजवीकडे पाहिलं आणि पोटावर आडवे झाले. आता त्याचा काही उपयोग नव्हता, बहुधा म्हणूनच जमलं. गवताला खालून वेगळाच वास होता. पहिल्या स्किपरची टोकं काळी. दुसऱ्याची काळी. तिसऱ्यापाशी मागून आवाज आला.

“काही हरवलंय का?”

पायी फिरणाऱ्या निवृत्तांचा एक गट होता, अकरा जण, सगळ्यांच्या हातांत काठ्या. खरं उत्तर लांबलचक होतं आणि सोनटक्के आडवे होते.

“किल्ली,” ते म्हणाले.

“अरेरे! घराची?” आणि काय होतंय ते कळायच्या आत अकरा म्हातारेकोतारे भराभर गवतात पालथे झाले. कुणी लाजलं नाही. किल्लीसाठी कुणी लाजत नाही. ते बोटांनी गवत विंचरू लागले, तोंडावर येणारे स्किपर फुंकर मारून उडवू लागले. “कसली किल्ली? पितळी का?” “रात्री दव पडायच्या आत मिळाली पाहिजे हो!”

तेव्हा सोनटक्क्यांना ती दिसली. एका आजीबाईंच्या कानापासून वीतभर अंतरावर, काटेरी फुलावर, त्यांच्याकडे तोंड करून बसलेली. डाव्या मिशीचं टोक खालून केशरी, उजवीचंही. पंखावर नराची काळी रेघ नव्हती. मादी.

फक्त एवढंच म्हणायचं होतं, मंडळी, हलू नका, किल्ली हरवलेलीच नाही. मग ओवीला फोन.

“मंडळी,” सोनटक्के म्हणाले.

अकरा चेहरे गवतातून वर झाले. एकाच्या गालावर खाजकुयली लागल्यासारखे लाल चट्टे उठले होते. एकाच्या दातांत काडी होती. आजीबाईंचा चष्मा वाकडा झाला होता, आणि त्या इतक्या आशेनं बघत होत्या की जणू किल्ली त्यांच्याच घराची होती.

सोनटक्क्यांचा हात खिशात गेला.

“सापडली,” ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. पहिल्याच टाळीला मादी उडाली. खोक्यातून बाहेर, कुंपणावरून, पलीकडच्या गव्हात.

सगळ्यांनी मिळून सोनटक्क्यांना उभं केलं, अंगावरचं गवत झटकलं. आजीबाईंनी पिशवीतून लोकरीची दोरी काढली, किल्ली तिच्यात ओवून गाठ मारली आणि म्हणाल्या, “आता नाही हरवायची. वाका पाहू जरा.”

सोनटक्के वाकले.