वाऱ्याच्या भोकातला मफलर

ही घटना खरी आहे. ज्याला पटणार नाही त्यानं इथंच थांबावं, मला काही फरक पडत नाही. तीस वर्षं मी लोकांच्या शेगड्यांतली राख उपसतोय. खोटं बोलून मला काय मिळणार? आणखी राख?

माझं नाव एर्मेस. गाव व्हालपिचेत, कार्नियाच्या डोंगरात. इथं घरोघरी पेलेटची शेगडी आहे. भुशाच्या दाबलेल्या कांड्यांवर चालणारी. बटण दाबलं की पेटते, म्हणून प्रत्येकाला वाटतं आपण इंजिनिअर. रोज जाळाची वाटी खरवडा, आठवड्याला राखेचा ट्रे रिकामा करा, वर्षातून एकदा धुराची नळी झाडून घ्या. एवढंच सांगतो मी. तेवढंही होत नाही यांच्याच्यानं.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. दुपारचे तीन.

बहिणीचा, लोरेदानाचा फोन आला.

"दादा, शेगडी सारखी बंद पडतेय. चार दिवस घरात सगळ्यांची डोकी दुखतायत. आणि आत्ता सासूबाई जेवता जेवता खुर्चीतच कलंडल्या."

फोन कानाला धरूनच मी हत्यारांची पेटी उचलली.

"शेगडी बंद कर. खिडक्या उघड, सगळ्या. मावशींना बाहेर ओट्यावर बसव. निघालोच मी."

"रेन्झो म्हणतो, आईनं चीजचा तळलेला फ्रिको जास्त खाल्ला म्हणून."

रेन्झो म्हणजे लोरेदानाचा नवरा. अक्कल विकायला बसलेला माणूस, आणि सगळा माल खोटा.

दहा मिनिटांत पोचलो. लोरेदानाच्या सासूबाई, नॉर्मामावशी, ओट्यावर कोट गुंडाळून बसल्या होत्या. चौऱ्याऐंशी वय, चेहरा पांढराफटक.

"बरं वाटतंय का मावशी?"

"बरी आहे रे. नुसती झोप येते."

ती झोप मला माहीत आहे. कोंडलेल्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड सुटतो, त्या वायूला ना वास, ना रंग. माणूस डुलकी घेतो आणि उठतच नाही. मी आत पाऊल टाकलं तर खिडक्या उघड्या असूनही माझं तो वायू मोजायचं यंत्र ओरडायला लागलं.

"लोरेदाना, डॉक्टरला फोन लाव. मावशींना आजच दवाखान्यात न्यायचंय."

"एवढं काय झालंय?" रेन्झो म्हणाला. "शेगडी मी कालच साफ केलीय. घरच्या व्हॅक्यूमनं."

"घरच्या? आत निखारा गेला असता म्हणजे?"

"गेला ना. पिशवी जळाली."

"शाबास रे पठ्ठ्या."

मी कामाला लागलो. वाटीत राखेचा दगड झाला होता. तो फोडला. मागच्या पत्र्यांवर बोटभर थर. मग भिंतीलगत नळीच्या तळाचं झाकण उघडलं आणि काळी राख भसाभस बादलीत पडली. अर्धी बादली! वरपर्यंत ब्रश फिरवला, तरी पडतच होती.

"ही किती वर्षांची?"

"नळी पण झाडायची असते?" रेन्झोनं विचारलं.

मी झाकण घट्ट बसवलं.

वाटलं, सापडलं कारण. खात्री करायला शेगडी पेटवली. जाळ सरळ, पांढरट उभा राहायला हवा.

जाळ पिवळा झाला... आडवा लोळला...

यंत्र पुन्हा ओरडलं.

म्हणजे आत हवा येत नव्हती. शेगडी खोलीतली हवा ओढते, म्हणून भिंतीला मुठीएवढं भोक ठेवावंच लागतं. आणि इथले लोक काय करतात? ते बुजवतात! चिंध्यांनी, उशीनं, जे सापडेल त्यानं. का, तर झुळूक लागते. इथल्या माणसाला मरण चालतं, मानेला वारा लागलेला चालत नाही.

मी सोफा सरकवला. भोकात तपकिरी लोकरीचा मफलर कोंबला होता. ओढून काढला. राखेनं माखलेला.

"रेन्झो, हे दिवे तूच लावलेस ना?"

रेन्झो मफलरकडं बघत मागं सरकला.

"अरे बोल की!"

"तो बाबांचा आहे."

बाबा म्हणजे ओदोरिको, मावशींचा नवरा. मार्चमध्ये न्यूमोनियानं गेला. शेवटपर्यंत म्हणत होता, झुळुकीनं घात केला. जिवंत असताना ऑगस्टच्या उन्हाळ्यातही मफलर घालून पत्ते खेळायला यायचा.

"मग? बापाचा मफलर भोकात कोंबायचा?"

"तसं नाही." त्याचा आवाज बसला. "आम्ही तो त्यांच्या गळ्यात घालून... शवपेटी बंद केली होती."

लोरेदानानं मान हलवली. तिनंच गाठ मारली होती म्हणे.

"दोन असतील तसले," मी म्हणालो. मफलर टेबलावर फेकला. भोकावर लोखंडी जाळी बसवली, चार स्क्रू, हाताची ताकद लावून. शेगडी पुन्हा पेटवली.

जाळ सरळ. पंख्याची घरघर. यंत्र शांत.

एक मिनिट...

दोन मिनिटं...

मग भिंतीतून आवाज आला.

खस्... खस्...

कुणीतरी काहीतरी सावकाश दाबून बसवतंय असा.

जाळ पिवळा पडला.

मी टेबलाकडं पाहिलं. टेबल रिकामं.

जाळीकडं पाहिलं. स्क्रू चारही जागच्या जागी. जाळीच्या मागं... तपकिरी लोकर. आणि शेजारच्या चुन्यावर राखेची बोटं उमटलेली. तीन. ओदोरिकोची दोन बोटं करवतीच्या कारखान्यात गेली होती, हे गावात कुणालाही विचारा.

मी बाहेर धावलो. भिंतीखालचं बर्फ कोरं होतं. एक पाऊल नाही.

ओट्यावरून मावशी शांतपणे म्हणाल्या, "मी काढते रे रोज. हे पुन्हा घालतात. ऐकतायत कुठं!"

"कोण?"

"आमचे हे. एकट्याला गारठा लागतो म्हणतात. चल म्हणतात माझ्याबरोबर."

मी घाबरलो. पण त्याहून जास्त राग आला, खरं सांगतो. मी आत जाऊन भिंतीवर मूठ आपटली.

"ओदोरिको! गाढवा! जन्मभर बायकोला कपभर चहासुद्धा गरम करून दिला नाहीस, आणि आता न्यायला आलास? लाज नाही वाटत?"

पंखा आपोआप थांबला.

खोलीत आवाजच राहिला नाही. घड्याळाचासुद्धा.

आणि भिंतीपलीकडं... कुणीतरी खोकलं.

मी शेगडीची वायर उपटली. डॉक्टरची वाट न बघता मावशींना गाडीत घालून थेट दवाखान्यात नेलं. दोन दिवस ऑक्सिजनवर होत्या. अजून एक तास गेला असता तर काही खरं नव्हतं, असं तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

मावशींना त्या घरात परत पाठवायची माझी छाती झाली नाही. मी एकटा राहतो, खोली रिकामी होती, माझ्याकडं आणलं. तेव्हापासून लोरेदानाकडं शेगडी झकास चालते. भोक उघडं, डोकी शांत. रेन्झो गावभर सांगतो की त्यानं स्वतः नळी झाडली म्हणून. सांगू दे मूर्खाला.

माझ्याकडं मावशींची पहिली सकाळ. मी उठलो, शेगडीजवळ गेलो, सवयीनं भोकाकडं नजर टाकली.

तपकिरी लोकर.

माझ्या घरात! माझ्या स्वतःच्या भिंतीत!

त्या दिवसापासून शेगडी बंद आहे. आज अकरावा दिवस. विजेचा छोटा हीटर आहे, तो मावशींच्या पायांपुरता. मी घरात टोपी घालून जेवतो. गाव हसतंय, एर्मेसच्याच शेगडीला सर्दी झाली म्हणून. ज्यांना मी तीस वर्षं बावळट म्हणत आलो, ते सगळे हसतायत.

काल अंधार पडताना मावशी म्हणाल्या, "एर्मेस, लाव रे शेगडी. हे शब्द देतायत. आता भोकाला हात लावणार नाही म्हणतात."

चाळीस वर्षं मी त्या माणसाबरोबर पत्ते खेळलोय. एक शब्द पाळला नाही त्यानं.

"मग तुम्ही काय म्हणालात त्याला?"

मावशी हसल्या. नव्या नवरीसारख्या लाजून.

"म्हटलं, बघते विचारून."

शेगडीची वायर मी काढून घेतलीय. दिवसा खिशात असते, झोपताना उशाखाली. ओदोरिकोच्या भीतीनं नाही. मावशींच्या.